वंशावळ्या गाळून पुढे जावे का?

"बायबलमधले पहिले पुस्तक, उत्पत्ती, वाचायला घेतले, पण पाचव्या अध्यायातल्या वंशावळीपाशी अडकले, ती गाळून पुढे गेले तर चालेल का?" असे मला वारंवार विचारले जाते. आमच्या हिब्रू वाचनवर्गात तर दरवर्षी कोणीतरी हा प्रश्न घेऊन येतेच. माझे उत्तर असे की गाळू नये. आणि ते मी श्रद्धेपोटी म्हणत नाही, तर तसे केल्यास गोष्टच हातून निसटते म्हणून म्हणतो.

या याद्यांच्या आरंभी बहुधा 'एल्ले तोलेदोत', म्हणजे 'ही अमक्याची तोलेदोत', असे ठरावीक वाक्य येते. 'यालद', म्हणजे जन्म देणे, या धातूपासून हा शब्द झाला आहे. त्याला वंशावळ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पूर्वजांचा माग काढणारा कुलवृत्तांत उभा राहतो; तोलेदोतचे तोंड मात्र पुढच्या दिशेला असते. त्या माणसापासून पुढे काय उपजले, हे ती सांगते. म्हणूनच 'तेरहाची तोलेदोत' असे म्हटल्यावर तेरहाविषयी जेमतेम काही ओळी येतात आणि सुरू होते ती त्याच्या मुलाची, अब्राहामाची गोष्ट. इसहाकाच्या नावाखाली त्याच्या मुलग्यांचा, याकोब आणि एसाव यांचा, झगडा येतो, तर 37व्या अध्यायात 'ही याकोबाची तोलेदोत' असे म्हणताच मूळ हिब्रूत लगेच पुढचा शब्द 'योसेफ', म्हणजे त्याच्या मुलाचे नाव, असा आहे. उत्पत्तीत हे सूत्र थोड्याफार फरकाने 11 वेळा येते. पहिल्या वेळी तर ते आकाश आणि पृथ्वी यांच्यासाठी योजले आहे, जणू त्यांनाही लेकरे होतात, आणि त्यापाठोपाठ मातीतून माणूस घडतो.

पाचवा अध्याय मात्र मोठ्यानेच वाचावा. अमका इतक्या वर्षांचा असताना त्याला अमका झाला, त्यानंतर तो इतकी वर्षे जगला, त्याला आणखी मुलगे आणि मुली झाल्या, त्याचे सारे आयुष्य इतके झाले, आणि तो मेला. हा शेवटचा भाग हिब्रूत एकच शब्द आहे, 'वय्यामोत'. आदाम 930 वर्षे जगला, वय्यामोत. शेथ 912, वय्यामोत. असे सहा वेळा झाले की सातवे नाव उच्चारण्याआधीच कानात तो शब्द तयार असतो. सातवा हनोख. त्याची वर्षे 365, म्हणजे यादीत सर्वांत थोडी, आणि त्याच्यापाशी तो शब्द येतच नाही: तो देवाबरोबर चालला आणि मग तो नव्हता, कारण देवाने त्याला नेले. आधीची सहा मरणे ज्याने गाळली, त्याला हे न मरणे ऐकूच येणार नाही.

अकराव्या अध्यायात शेमपासूनच्या दहा पिढ्या येतात. तिथे 'वय्यामोत' नाही, वये उतरत जातात, आणि प्रत्येकाला मूल होतच राहते. ही लय अंगवळणी पडली असतानाच 30वे वचन येते: साराय, म्हणजे अब्राहामाची बायको, वांझ होती, तिला मूल नव्हते. एकच गोष्ट दोनदा सांगितली आहे, आणि ज्या एका क्रियापदावर सारी यादी चालत होती तेच इथे थांबते. अब्राहामाच्या कथेतली प्रतीक्षा या अडलेल्या सूत्रातून जन्मते, असे मला प्रत्येक वाचनात वाटते. पुढे मुख्य वंशाबाहेर ठेवलेल्या इश्माएलाच्या, अब्राहामाच्या दुसऱ्या मुलाच्या, बारा मुलग्यांचीही नावे नोंदलेली आहेत. ती ओळ मी कधीही घाईने वाचत नाही.

रूथच्या पुस्तकात हे सूत्र अगदी शेवटी येते. सारी गोष्ट नामी आणि तिची सून रूथ या दोन विधवांची, आणि शेवटची यादी मात्र केवळ पुरुषांची. रूथच्या मृत नवऱ्याचे, महलोनाचे, नाव राहावे म्हणून बवाजाने रूथशी लग्न केले, रूथला मूल झाल्यावर शेजारणींनी नामीला मुलगा झाला असे म्हटले, तरी यादी मूल बवाजाच्याच नावावर लावते. आधीच्या गोष्टीने जे सांगितले ते या यादीत मावत नाही, आणि वाचकाला ती नावे वाचताना त्या दोघींची आठवण ठेवावी लागते. यादीतल्या पहिल्या नावापासून, पेरेसपासून, मोजले तर बवाज सातवा आहे, हनोखाच्याच जागी. दहावे नाव, पुढे राजा झालेल्या माणसाचे, या पुस्तकाचा शेवटचा शब्द आहे: दावीद.