एका नावावर एक्याण्णव किलो

वही साधीच होती, दोनशे पानी, कोपरे मुडपलेली. शेतकऱ्याने ती स्वतःहून माझ्या हातात दिली. तिच्यात लपवण्यासारखं काही असेल असं त्याच्या मनातही नव्हतं. कापूस वेचणीचा हिशोब: तारीख, नाव, किलो. एका पावरा आदिवासी बाईच्या नावापुढे लागोपाठ तीन दिवस 88, 91, 86.

मी पारोळ्याकडच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढून रुई करणाऱ्या कारखान्यात, निर्यातीची कागदपत्रं सांभाळतो. आमच्या रुईचं सूत होतं, सुताचं कापड, आणि ते कापड जर्मनीतल्या एका मोठ्या दुकानदारापर्यंत जातं. त्यामुळे 2024 च्या नोव्हेंबरात आमच्या पुरवठादारांच्या यादीतल्या शेतकऱ्यांकडून 'बालमजूर नाहीत' असं हमीपत्र भरून घ्यायला मी गावोगाव फिरत होतो. वही मागायची नसतेच, सही झाली की पुढचं गाव. पण कपाशीत वाढलेल्या माणसाला आकडा खटकतो. हात तेज असलेली बाई दिवसाला चाळीस-पन्नास किलो वेचते. एक्याण्णव?

"एकटीने वेचला?"

"नही भाऊ, तिनासंगे तिन्या दोन पोरी शेतस ना."

पोरी तिसऱ्या सरीत होत्या. मोठी अकरा-बाराची. ओढणीची ओटी पोटाशी बांधलेली, पुढे वजनाने लोंबणारी. वाळलेल्या बोंडाची टोकं सुईसारखी असतात, तिच्या नखांच्या कडा त्यांनी चिरल्या होत्या. मी नाव विचारलं तर तिने आईकडे पाहिलं. आईने माझ्या हातातल्या कागदाकडे पाहिलं.

किलोला दहा रुपये. तिघींचे नऊशे दहा, एकटीचे साडेचारशे. हिशोब तिथेच संपतो. शेतकऱ्याने पोरींना नको म्हटलं तर ती बाई शेजारच्या शेतात जाते, कारण मजूर कुणालाच पुरत नाहीत. त्याचंही गणित ताणलेलंच होतं. त्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव 7,521 रुपये क्विंटल, आणि खेडा खरेदीवाला, म्हणजे गावात येऊन माल उचलणारा व्यापारी, सात हजाराच्या आत बोलत होता. त्यातले हजार वेचणीतच गेले.

कायद्यातही इथे एक खाच आहे. 2016 च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला लावता येत नाही, पण शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत घरच्या शेतात हात लावलेला चालतो. शेतकऱ्याची मुलगी शाळेतून येऊन कापूस वेचते ती 'मदत', याच बांधावर पावरा बाईची मुलगी वेचते ती मजुरी. मजुरीच आहे ती, वाद नाही. फक्त जिच्याकडे शेत नाही तिलाच हा कायदा गाठतो, हे मला त्या बांधावर उभं राहून कळलं.

शेतकऱ्याने हमीपत्र उलटंसुलटं केलं. "हाई कागदवर भाव वाढी का भाऊ?"

मी सही न घेताच निघालो.

मालकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "यादीतून त्याचं नाव काढून टाका." त्यांचीही अडचण होती. जर्मनीचा पुरवठा साखळी कायदा 1 जानेवारी 2023 पासून लागू झाला, आधी तीन हजारांवर कामगार असलेल्या कंपन्यांना, 2024 पासून हजारांवर. माल पुरवणाऱ्यांकडे बालमजुरी नाही ना, हे पाहायची जबाबदारी तिथल्या कंपनीने करारात घालून सूतगिरणीवर ढकलली, गिरणीने आमच्यावर, आम्ही त्या वहीवाल्यावर. मी म्हटलं, त्याच कायद्यात संबंध तोडणं हा अगदी शेवटचा उपाय मानलाय, आधी सुधारणा करायची. मालक हसले. "सुधारणेचे पैसे कोणत्या बिलात लावू?"

उत्तर माझ्याकडे नव्हतं. पुरवठादारांच्या आचारसंहितेची मेल आम्हाला गिऱ्हाइकाच्या एका खात्यातून येते, भावाची दुसऱ्या खात्यातून. पहिली म्हणते मूल दिसलं नाही पाहिजे, दुसरी म्हणते किलोमागे दोन रुपये कमी करा. दोघांची गाठ पडत असावी असं वाटत नाही. सरकारांचंही फार वेगळं नाही. स्वित्झर्लंड, नॉर्वे वगैरे चार देशांशी आपण 10 मार्च 2024 ला जो व्यापार करार केला, त्यात कामगार आणि पर्यावरणावर वेगळं प्रकरण आहे, पण त्यावरून तंटा लवादापुढे नेता येत नाही. जकातीवरून मात्र नेता येतो.

नाव निघालं. मी त्या मोठ्या पोरीच्या शाळेसाठी वस्तीवरच्या शाळेच्या गुरुजींना फोन केला. ते म्हणाले, वेचणी संपून माणसं परत वर सातपुड्यात गेली की बघू. एवढंच झालं.

पंधरा दिवसांनी शेतकऱ्याचा फोन. राग नव्हता, उलट थोडी गंमतच वाटत होती त्याला. खेडा खरेदीवाल्याला माल दिला, म्हणाला, क्विंटलला शंभर कमी मिळाले. "आनि त्याना आयशर गुरुवारे तुमनाच गेटमा उना."

मी गेटचं रजिस्टर काढलं. गुरुवार, दुपारी सव्वातीन, खरेदीवाल्याचं नाव, 42 क्विंटल. शेतकऱ्याचा रकाना आमच्याकडे फक्त यादीतल्या मालाला असतो, बाजारच्या मालाला तिथे रेघ मारतात. रुईची एक 170 किलोची गाठ म्हणजे साधारण पाच क्विंटल कापूस, आणि रोलरखालून गेल्यावर तो कुणाच्या ओटीतला हे देवालाही सांगता यायचं नाही.

यार्डात जाऊन पाहिलं. ढीग अर्धा उपसून झाला होता.