मधाच्या रंगाचे अस्तर

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत आमचे सिलिंडर तपासणीचे छोटे केंद्र आहे. ऑक्सिजन, नायट्रोजन, आर्गॉन असा कारखान्यांचा माल आमच्याकडे रोज येतो, आणि १५० किलो दाबाचा सिलिंडर २५० किलोवर ताणून पाहण्याचे काम आम्हांला इतके अंगवळणी पडले आहे की त्यात लिहिण्यासारखे काही उरलेले नाही. गेल्या आषाढात मात्र गंगापूर रस्त्यावर राहणारे एक शिक्षक भर पावसात रिक्षातून दोन सिलिंडर घेऊन आले, आणि तेव्हापासून मी सिलिंडरच्या आतल्या लकाकणाऱ्या अस्तराकडे संशयाने पाहू लागलो.

त्यांचे वडील पाणबुडे होते. धरणांच्या दरवाजांची पाण्याखालून तपासणी करण्यात त्यांची उमेदीची वर्षे गेली होती. त्यांच्या पश्चात पाण्याखाली श्वासासाठी वापरलेले हे हवेचे दोन सिलिंडर घराच्या माळ्यावर आडवे पडून होते. खांद्यावरचे ठसे वाचून मी चकितच झालो. पत्र्यात ठोकलेली अक्षरे होती ‘आयसीसी ३एए २२५०’, आणि पहिल्या चाचणीच्या १९६८ सालापुढे अधिकचे चिन्ह होते. म्हणजे हा क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाचा अमेरिकी सिलिंडर, कामाचा दाब २२५० पीएसआय (दर चौरस इंचावर पौंड), आणि त्या चिन्हामुळे तिकडच्या नियमाने आणखी दहा टक्के, म्हणजे २४७५ पर्यंत, भरण्याची मुभा. पाणी मावते साधारण बारा लिटर. व्हॉल्व्हला राखीव हवेची कळ होती. दाबमापक सर्रास वापरात नव्हते तेव्हा हवा संपत आली की श्वास जड होई, मग पाणबुड्या कमरेशी लोंबणारी तार ओढून उरलेली हवा मोकळी करी.

मी त्यांना आधीच सांगून टाकले, “सर, हे सिलिंडर परदेशी आहेत. गॅस सिलिंडर नियम, २०१६ प्रमाणे मुख्य विस्फोटक नियंत्रकांची मान्यता नसेल तर ते भरता येत नाहीत, आणि आम्ही त्यांवर आमचा ठसाही मारणार नाही. आतून साफ करून, ताणून पाहून ते कसे आहेत एवढे मात्र नक्की सांगू.” ते म्हणाले, “भरायचे नाहीतच हो. नानांची वस्तू आहे. मुलगा म्हणतो दिवाणखान्यात ठेवू, पण घरात बॉम्ब ठेवतोय का, एवढे कळले पाहिजे.” प्रश्न रास्त होता.

एकाचा व्हॉल्व्ह उघडाच होता आणि आत दाब नव्हता. दुसऱ्यात थोडी हवा शिल्लक होती. ती हळूहळू सोडताना मी सवयीने ऑक्सिजन मीटर धरला, तर आकडा आला १७.४ टक्के. अंगणात मीटर फिरवला तर बरोबर २०.९. मी आकडा वहीत टिपला आणि, कबूल करतो, पुढे विसरलो.

व्हॉल्व्ह काढून आत बोरोस्कोप, म्हणजे टोकाला दिवा आणि कॅमेरा असलेली बारीक नळी, सोडला. उघड्या सिलिंडरची अवस्था पाहून आमचे जुने फिटर, ज्यांना सगळे मामा म्हणतात, त्यांनी तोंडच फिरवले. साठच्या दशकात आणि सत्तरच्या सुरुवातीला गंज टाळण्यासाठी काही पोलादी सिलिंडरांना आतून इपॉक्सी किंवा फिनॉलिक रेझिनचे अस्तर देत असत. इथे त्या अस्तराचे पापुद्रे सुटून लोंबत होते आणि खाली लाल गंज दिसत होता. दुसऱ्याच्या आत प्रकाश सोडला तर मधाच्या रंगाचे, काचेसारखे लकाकणारे अस्तर! शिक्षक माझ्या खांद्यावरून पडद्याकडे पाहत होते. ते म्हणाले, “हा तर नवा कोरा आहे. याचे अस्तर राहू द्या ना, दादा. पहिला तेवढा साफ करा.” मामांनीही मान डोलावली. मलाही ते पटले, कारण चांगले अस्तर खरवडायचे म्हणजे दोन दिवसांची मजुरी.

पहिल्याच्या कामाला लागलो. मामांचे म्हणणे, गॅसची ज्योत लावून आतले जाळून टाकू, तासाभराचे काम. त्यांना थांबवावे लागले. हे पोलाद पाण्यात किंवा तेलात थंड करून, मग ठरावीक तापमानावर मवाळ करून त्याची ताकद बसवलेली असते. बाहेरून ज्योत फिरली की ती ताकद जाते आणि बघणाऱ्याला काहीच दिसत नाही. तीव्र आम्लही नको, कारण त्यातला हायड्रोजन असल्या कणखर पोलादात शिरून त्याला ठिसूळ करतो. रंग काढणारी द्रावणे साध्या रंगाला लागू पडतात, पण भट्टीत भाजलेल्या फिनॉलिकला ती दाद देतीलच असे नाही, शिवाय त्यांच्या जड वाफा अरुंद तोंडाच्या भांड्यात साचून राहतात. उरतो मार्ग फिरवण्याचा. आसपासच्या सुट्या भागांच्या कारखान्यांत डिबरिंगसाठी, म्हणजे धातूच्या धारदार कडा घासण्यासाठी, व्हायब्रो मशीनमध्ये जे तिकोनी सिरॅमिक खडे वापरतात, तेच आणले. पाऊण इंची तोंडातून आत जातील आणि बाहेरही येतील एवढे बारीक खडे निवडून सिलिंडर अर्ध्यापर्यंत भरला, तोंडाला लाकडी गुडदी ठोकली आणि जुन्या लेथच्या मोटरवर बेतलेल्या रोलरवर तो फिरत ठेवला. अर्ध्याहून जास्त भरले तर खडे घसरत नाहीत, आणि घसरण्यातच सगळी खरवड आहे.

चौदा तास, मध्ये एकदा दिशा बदलून. चाळणीवर ओतले तेव्हा खड्यांबरोबर तपकिरी पूड आणि नखाएवढे पापुद्रे पडले. असा एखादा पापुद्रा पाण्याखाली श्वासाची हवा देणाऱ्या रेग्युलेटरच्या जाळीत अडकला तर काय होईल, हे शिक्षकांना सांगायची गरज पडली नाही. गरम पाण्याने धुऊन लगेच उलटा टांगला आणि आत गरम हवेचा झोत सोडला, कारण आषाढाच्या दमट हवेत उघडे पोलाद चहा निवायच्या आत तांबूस पडते. आत पाहिले तर राखाडी, एकसारखा धातू. गंज वरवरचाच होता.

दुपारी वही बंद करताना १७.४ हा आकडा पुन्हा डोळ्यांसमोर आला. गंज चढायला ऑक्सिजन लागतो, म्हणून बंद सिलिंडरमधला ऑक्सिजन कमी झाला असेल तर तो पोलादाने खाल्ला असण्याचीच शक्यता मोठी. पण हा आकडा दुसऱ्या सिलिंडरचा होता, ज्यात गंजाचा ठिपकाही दिसला नव्हता. मग ऑक्सिजन गेला कुठे? मी लाकडी हातोडीने दोन्ही सिलिंडर वाजवून पाहिले. पहिला देवळातल्या घंटेसारखा घुमला. दुसऱ्याचा आवाज बद्द आला, मडक्याला चीर गेली की येतो तसा.

दुसऱ्याचेही अस्तर काढावे लागेल, हे सांगायला शिक्षकांना फोन केला. ते जरा नाराज झाले, तरी म्हणाले, “तुम्हांला योग्य वाटते ते करा.”

या अस्तराने चिवटपणे झुंज दिली, बावीस तास लागले. धुऊन बोरोस्कोप सोडला आणि मामा नुसतेच “अरे बापरे” म्हणाले. तळापासून खांद्यापर्यंत, एका सरळ रेषेत, गंजाचे खड्डे. बाजूबाजूला, एकमेकांना टेकलेले, काळे. सिलिंडर माळ्यावर वर्षानुवर्षे आडवा होता, आतले चार थेंब पाणी एका बाजूला रेषेत साचले होते, आणि अस्तरातल्या कुठल्याशा टाचणीएवढ्या छिद्रातून ते खाली शिरले होते. वरून लकाकी तशीच. बाहेरून अल्ट्रासोनिक जाडीमापक लावला. आजूबाजूला भिंत चार मिलिमीटरच्या आसपास भरत होती, त्या रेषेवर २.६. सुटा खड्डा एकवेळ सोडता येतो, पण खड्ड्यांची रेष म्हणजे टाकी तिथे उसवायला तयार असते. याला ताणून पाहण्याचे कारणच उरले नाही.

पहिला मात्र जॅकेटमध्ये, म्हणजे पाण्याने भरलेल्या बंद भांड्यात, उतरवला. त्याला ३७५० पीएसआय, कामाच्या दाबाच्या पाच-तृतीयांश दाब दिला. दाब चढताना सिलिंडर फुगतो, तेवढे पाणी जॅकेटमधून ब्युरेटमध्ये, म्हणजे मापाच्या खुणा असलेल्या काचनळीत, चढते. ब्युरेट ६२ घनसेंटिमीटरवर थांबली, आणि दाब सोडल्यावर दोनवर आली. कायमचा फुगवटा एकूण फुगवट्याच्या दहा टक्क्यांच्या आत असावा लागतो. इथे तो साडेतीनही नव्हता. पन्नासहून अधिक वर्षांच्या पोलादाने इतके नेमके परत यावे, याचे मला आजही नवल वाटते.

शनिवारी शिक्षक आले. मी बाद सिलिंडर कापण्याची परवानगी मागितली, कारण असली वस्तू कोणाच्या हाती पडली तर कोणीतरी कधीतरी भरतेच. ते बराच वेळ गप्प होते. शेवटी म्हणाले, “कापा. ठशाचा भाग मला द्या.” बँडसॉने आडवे दोन तुकडे केले. त्यांनी वरचा तुकडा हातात घेतला, आतल्या रेषेवर बोट फिरवले, बोट काळे झाले ते रुमालाला पुसले आणि म्हणाले, “नाना शेवटचे याच टाकीवर उतरले होते.”

पहिला सिलिंडर त्यांना देताना मी बजावले की व्हॉल्व्ह थोडा उघडा ठेवा आणि सिलिंडर कधीही आडवा करू नका. रिक्षावाल्याने तो मागच्या सीटवर आडवा टाकायला घेतला, तेव्हा शिक्षकांनी त्याचा हात धरला, आणि तो दोन्ही पायांमध्ये उभा धरूनच ते पावसात निघाले.