पेरॉक्साइड, सिलिका आणि फुगलेल्या ट्यूबा

दात उजळवणारी व्हाइटनिंग टूथपेस्ट बनवणं सोपंय हो, ती भिवंडीच्या गोडाऊनमध्ये पत्र्याखाली अख्खा मे महिना काढून जशीच्या तशी बाहेर निघणं, ते अवघड.

बॅच काढली त्या दिवशी पेरॉक्साइडचा, म्हणजे डाग उडवणाऱ्या रसायनाचा, आकडा मस्त येतो, सगळे खूश. मग ट्यूबा टिकाऊपणा तपासायला ४० डिग्री आणि ७५ टक्के ह्युमिडिटीच्या चेंबरमध्ये जातात आणि खरी मजा सुरू होते. हायड्रोजन पेरॉक्साइड तुटलं की पाणी आणि ऑक्सिजन, आता हा ऑक्सिजन जाणार कुठे, ट्यूब टम्म फुगते. झाकण काढलं की न दाबताच पेस्ट सरसर बाहेर, कापून बघा, आत जाळी पडलेली असते.

ह्यात बऱ्याचदा हात असतो घासणाऱ्या पावडरीचा. कॅल्शियम कार्बोनेट म्हणजे आपला खडू, स्वस्त आहे, पण त्याने पीएच ९ च्या आसपास जातो आणि अल्कलीत पेरॉक्साइड टिकत नाही. वर खाणीतला माल, त्यात लोखंड-मँगनीज थोडंफार आलंच, आणि हे धातू स्वतः खर्च न होता पेरॉक्साइड तोडत बसतात, चिमूटभरसुद्धा पुरतात. हायड्रेटेड सिलिका, ही दुसरी घासायची पावडर, त्या मानाने गुणी, तरी नवा लॉट आला की आधी लोखंड तपासायचं. परचेसवाले म्हणणार, "अरे सिलिका म्हणजे सिलिका, हा किलोमागे स्वस्त देतोय." घ्या मग, चेंबर तुम्हीच उघडा.

मग पीएच खाली आणा ना? आणतो, पण ५.५ च्या खाली गेलो तर दाताचं वरचं कवच, इनॅमलच विरघळायला लागतं, म्हणजे हलायला जागा थोडीच. धातू धरून ठेवायला पायरोफॉस्फेट किंवा स्टॅनेट घालतात. माझ्या मते सगळ्यात भारी उपाय म्हणजे पाणीच काढून टाकायचं, ग्लिसरीन आणि पीईजी (पॉलिएथिलीन ग्लायकॉल) ह्यांचा बेस आणि पेरॉक्साइड पीव्हीपी नावाच्या पॉलिमरला बांधलेलं, तोंडात लाळ लागली की मोकळं होतं. इथे पेस्ट ओलसर ठेवणारं नेहमीचं सॉर्बिटॉल चालत नाही, ७० टक्क्यांचं सोल्युशन म्हणजे उरलेलं पाणीच की. अमेरिकेत १९९० च्या दशकात मेंटाडेंट ह्या टूथपेस्टने तर दोन कप्पेच केले, एकात बेकिंग सोडा, दुसऱ्यात पेरॉक्साइड, गाठ थेट ब्रशवर. आयडिया झकास, पण आपल्याकडे १० रुपयांची ट्यूब मागणाऱ्या गिऱ्हाइकाला हे पॅकिंग कसं परवडणार.

पेरॉक्साइड किती उरलं ते मोजायच्या टायट्रेशनची एक गंमत सांगतो, परमँगनेट घेतलं तर पुदिन्याचं तेलही ते खातं आणि पेरॉक्साइड आहे त्यापेक्षा जास्त दिसतं, म्हणून आयोडाइड-थायोसल्फेटच बरं, स्टार्चचा निळा रंग गेला की थांबा.

एवढं सगळं करून पेस्टमधलं पेरॉक्साइड दातावर राहतं दोन मिनिटं. युरोपात तर दुकानातल्या पेस्टला ०.१ टक्क्याचीच मुभा आहे. कटिंग चहा आणि तंबाखूचे वरवरचे डाग काढायला चांगली सिलिका आणि पॉलिफॉस्फेट पुरतं असं माझं स्पष्ट मत आहे, फक्त आरडीए नंबर, म्हणजे पेस्ट दात किती झिजवते त्याचा आकडा, २५० च्या आत हवा, आयएसओची मर्यादा तेवढीच आहे. अर्थात हेक्सामेटाफॉस्फेट हे पॉलिफॉस्फेटही पाण्यात हळूहळू तुटतं, म्हणजे तिथेही पाण्याशी भांडण आहेच.

पेरॉक्साइडवाली घेतलीच असेल तर डेट बघून घ्या आणि गिझरखालच्या फळीवर ठेवू नका.