कातरीआधी दव

मेंढरांची कातरणी सकाळी गारव्यातच उरकावी असं वाटतं, पण ठाणे जिल्ह्यात तिथेच फसगत होते. मुरबाड-शहापूरकडे गुढीपाडवा उलटला तरी पहाटे दव असतं. रात्रभर उघड्यावर बसलेल्या मेंढराची लोकर वरून कोरडी वाटते, आत ओल असते. बोटं पुढच्या पायाच्या बगलेत, पार मुळापर्यंत घालावीत आणि लगेच गालाला लावावीत. गार लागली तर कातर बाजूला. ओली लोकर पोत्यात कोंबली की आतून तापते, पिवळी पडते, कुबट वास धरते.

म्हणून कळप आदल्या संध्याकाळीच पत्र्याखाली घ्यावा आणि बारा तास चारा बंद ठेवावा. भरल्या पोटाचं मेंढरू उताणं केलं की पोटाचा भार छातीवर येतो, ते तडफडतं, आणि कातरीचं टोक नेमकं तेव्हाच कातडीत शिरतं. उपाशी कळप रात्रभर ओरडणार, शेजारी विचारणार. विचारू द्यावं.

जमीन झाडून जुनी सुती चादर अंथरावी. ताडपत्री हाताशी असते म्हणून तीच पसरली जाते, आणि तिचे सुटलेले प्लास्टिकचे धागे लोकरीत मिसळतात. पिंजताना ते निघत नाहीत, रंगही धरत नाहीत. सिमेंटच्या रिकाम्या गोणीचंही तेच. आधी पांढरी मेंढरं, मग काळी. कोकरांची पहिली लोकर, म्हणजे जावळ, मऊ असते. तिची पिशवी वेगळी. दिवस भरत आलेल्या गाभणीला हात लावू नये.

कातर उजव्या हातात असली तरी खरं काम डाव्याचं. कातडी ताणलेली नसेल तर तिची घडी पात्यात येते, मानेखाली आणि जांघेत हमखास. सडाजवळ तर सड बोटाखाली झाकूनच पुढे सरकावं. पाठ गुळगुळीत दिसावी म्हणून त्याच जागी पुन्हा कातर फिरवण्याचा मोह मात्र आवरावा. दुसऱ्या फेरीत निघतात ती नुसती तुसं, सूत कातताना गळून पडणारी.

एवढं करून दख्खनी मेंढी वर्षाला जेमतेम अर्धा किलो लोकर देते. त्यात मजुरी निघेलच असं नाही. तरी कातरावंच लागतं, कारण ही जात घाटावरच्या कोरड्या हवेतली. धनगरांचे कळप उगाच पावसाआधी माळशेज चढून जात नाहीत. घाटाखाली राहिलेल्या मेंढराची लोकर पावसात भिजत राहिली की माश्या बसतात, किडे पडतात.

अल्पाका, म्हणजे उंटाच्या कुळातली लोकरीची जनावरं, त्यांची नखं आणि वाढलेले दात कातरणीच्याच दिवशी कापून घेतात. मेंढरांच्या दातांची कटकट नाही, पण खूर तेवढ्यात तासून घ्यावेत. मेंढरू पुन्हा इतकं निमूट उताणं पडणार नाही. चिरलं असेल तिथे हळद-तेल, आणि दिवसभर सावली. गोचिडांच्या औषधाची आंघोळ जखमा भरल्यावर, दहा-पंधरा दिवसांनी.

कातरलेली आई कोकराला पटकन ओळखू येत नाही. ती हाका मारते, ते शेजारून निघून जातं, मग वास येतो आणि मागे वळतं.