यानाच्या पोटात

समोरच्या घरातला मुलगा उन्हाळ्याच्या सुट्टीत पेटी शिकतो. भर मे महिना, कूलर फुल्ल, त्यामुळे त्याचा भूप आमच्यापर्यंत निम्माच पोचतो. परवा दुपारी आरोह-अवरोह घोटून कंटाळला असावा, त्यानं मनानंच काहीतरी वाजवलं. रे ग सा, मग एकदम खालच्या सप्तकातला सा, आणि त्याच्या वरचा प. तिथंच थांबला. मी झोपेतून ताडकन उठलो. सूर भूपातलेच, पण माझ्या लेखी ते संगीतकार जॉन विल्यम्सचे. ‘क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड’. 1977 चा सिनेमा. परग्रहावरून आलेल्या मंडळींशी माणसं त्यात याच पाच सुरांत बोलतात.

कपाटात त्याची ब्लू-रे पडून होती. सिनेमाला तीस वर्षं झाली तेव्हा, 2007 साली, हा संच निघाला. त्यात एकाच सिनेमाच्या तिन्ही आवृत्त्या आहेत : पहिली थिएटरमधली, दुसरी 1980 ची आणि तिसरी 1998 ची. आमच्या प्लेअरचा ट्रे हल्ली डाव्या अंगाला टिचकी मारल्याशिवाय बाहेर येत नाही. टिचकी मारली, पडदे ओढले आणि बसलो. घरातली बाकी माणसं झोपलेली, म्हणजे कोणी मध्येच येऊन ‘हा कोण? मेला का?’ विचारण्याची भीती नाही.

हा सिनेमा मी पहिल्यांदा पाहिला तो सोलापूरच्या पूर्व भागातल्या आमच्या गल्लीत, गणपतीत. वर्गणी काढून व्हीसीआर भाड्यानं आणायचा आणि रात्रभर पिक्चर लावायचे. एक बच्चनचा, एक दादा कोंडक्यांचा आणि पहाटेकडे, बायकामाणसं उठून गेली की, एक इंग्रजी. त्या रात्री आई मात्र गेली नाही. माग झोपत नाहीत तोवर तिलाही झोप येत नसे, आणि बोनसच्या दिवसांत माग पहाटेपर्यंत खडखडत. टेबलावर मॅश केलेल्या बटाट्याचा ढीग आणि नायक त्याला चमच्यानं आकार देत बसलेला. बायकापोरं त्याच्याकडे बघतायत.

‘हे काय करायलाय बे?’ कोणीतरी विचारलं.

‘डोंगर बांधायलाय.’

‘अन्नाशी खेळू नये,’ आई म्हणाली. इंग्रजी एक अक्षर कळत नसताना तिनं त्या सीनची नस बरोबर पकडली होती.

पुढे नायक अंगावरच्या कपड्यांनिशी टबात बसतो आणि वरून शॉवर चालूच. बायको दार ठोठावतेय, थोरला पोरगा बापाला ‘रडका’ म्हणून ओरडतोय. आमच्या गल्लीचा आक्षेप वेगळाच : केवढं पाणी वाया घालवतोय! नळाला चार-चार दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात हा खरा भयपट.

त्या शॉवरवरूनच आता कळलं की आमची कॅसेट 1980 च्या आवृत्तीची होती. मूळ सिनेमात तो सीन नाही. दिग्दर्शक स्पिलबर्गला मूळ सिनेमात डागडुजी करायची होती. स्टुडिओ म्हणाला, पैसे देतो, पण यानाच्या आत काय आहे ते दाखवायचं. त्यानं दाखवलं. पुढे त्याचं त्यालाच ते रुचेना, म्हणून 1998 ला यानाचं पोट परत शिवून टाकलं. मी आतला भाग आता पहिल्यांदा नीट पाहिला. उंचच उंच दिवे, चमचमाट, लग्नाच्या हॉलसारखी रोषणाई. न दाखवता बरं होतं. गंमत म्हणजे आमच्या कॅसेटवर नेमक्या तिथंच मुंग्या होत्या. कॉपीची कॉपी आणि तिची कॉपी. नायक यानात शिरला की पडद्यावर नुसतं पांढरं खरखरतं बर्फ. दिग्दर्शकाला जी अक्कल 1998 ला आली ती आमच्या व्हिडिओवाल्याच्या टेपला आधीच होती.

स्वच्छ प्रिंट ही तशी निर्दय गोष्ट. यानातून उतरणाऱ्या त्या किरकोळ अंगाच्या आकृत्या आम्हाला नुसता उजेड वाटल्या होत्या. आता मुखवटे दिसतात. आत अलाबामातल्या सहा-सहा वर्षांच्या मुली होत्या, मुलं फार धसमुसळी हालतात म्हणून मुली घेतल्या होत्या. यानाच्या कडेला ‘स्टार वॉर्स’मधला बुटका यंत्रमानव उलटा टांगलाय, तोही थांबवून बघितला तर सापडतो. मी तीनदा थांबवून सापडवला. काय मिळवलं, देव जाणे.

पण भारतातला सीन तसाच्या तसा आहे. शेकडो माणसं बसून तेच सूर आळवतायत. फ्रेंच शास्त्रज्ञ (हा स्वतः दिग्दर्शक असलेला त्रुफॉ) विचारतो, हे कुठून आलं? आणि सगळे हात एका दमात आकाशाकडे. सिनेमात हे धरमशाला म्हणून दाखवलंय. शूटिंग झालं ते आपल्या खालापूरजवळच्या हाल गावात. तेव्हा आम्हाला हे ठाऊक नव्हतं, पण पुढे कितीतरी दिवस वर्गात मास्तरांनी काहीही विचारलं की मागचे दोन बाक आकाशाकडे बोट दाखवत. मार खाल्ला तो त्रुफॉमुळे. अजूनही मुंबईला जाताना कर्जत जवळ आलं की मी खिडकीतून उगाच डोंगर बघतो.

याच भारतवारीत स्पिलबर्गनं रात्री एक तेलशुद्धीकरण कारखाना पाहिला, दिव्यांनी लखलखलेला, आणि त्यावरून त्याला शेवटचं मोठं यान सुचलं. हे वाचलं तेव्हा मला जराही नवल वाटलं नाही. अक्कलकोटहून रात्रीच्या एसटीनं येताना कुमठ्याचा साखर कारखाना असाच दिसायचा. गळीत हंगामात अंधारातून एकदम ते दिवे, वाफ आणि मळीचा वास. 2023 साली त्याची उंच चिमणी विमानसेवेला अडथळा म्हणून पाडली. विमानं यावीत म्हणून आमचं यान गेलं, असं मी तेव्हा मित्रांना म्हणालो होतो. कोणी हसलं नाही. सोलापुरात त्या विषयावर विनोद चालत नाही.

शॉवरचा सीन मात्र मी परत लावला. त्या रात्री ‘रडका रडका’ म्हणून सगळ्यात मोठ्यानं ओरडला होता तो माझ्या शेजारी बसलेला पोरगा. काही वर्षांनी त्याच्या वडलांची गिरणी बंद पडली. ते दिवसभर ओट्यावर बसून राहायचे, जेवायला हाक मारली तरी उठायचे नाहीत. मग एके दिवशी घरात नव्हते. सुरतेला गेले म्हणत, भिवंडीत बघितलं म्हणत. आम्ही मोठे झालो तरी त्यांची आई दिवाळीला त्यांच्या नावचा एक लाडू बाजूला काढायची.

सिनेमातला बापही शेवटी यानात चढून जातो. वाद्यं वाजतात, सगळ्यांचे चेहरे उजळलेले. स्वतःला मुलं झाल्यावर स्पिलबर्ग म्हणाला की आता मी त्याला जाऊ दिलं नसतं. पण दोनदा कात्री हातात घेऊन त्यानं डोंगर हलवले, वाळवंटात जहाज आणलं, यानाचं पोट उघडलं आणि मिटलं. ती बाई तीन पोरांना गाडीत घालून निघून जाते, त्यानंतर त्यांचं काय झालं हे बघायला कॅमेरा एकदाही गेला नाही.