मलेरियाच्या जंगलात मुक्काम: डास पळवणारी यंत्रं कुठवर पुरतात

पाऊस नुकताच ओसरला होता आणि आमचे तंबू नदीकाठी होते. आसपास जागोजागी पाणी साचलेलं, त्यात भाग मलेरियाचा. मागाहून जाणाऱ्यांना आधीच सांगते: डास पळवणारं यंत्र जरूर न्या, पण ते संध्याकाळी बाहेर बसण्यापुरतं. रात्र काढायला मच्छरदाणीच लागते.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो गॅसवर चालणाऱ्या यंत्राचा. त्यात ब्युटेनची छोटी नळकांडी असते. तिच्या उष्णतेने निळ्या मॅटमधलं औषध हवेत पसरतं. दिवेलागणीच्या पंधरा मिनिटं आधी ते पेटवून ठेवायचं आणि त्याच्या भोवतीच बसायचं. साधारण चार तासांनी मॅट पांढरी पडते, म्हणजे औषध संपलं. वारा नसला की फरक चटकन जाणवतो, आणि वारा सुटला की औषध वाऱ्यावर जातं. अशा वेळी वारा जिकडून येतो त्या बाजूला यंत्र ठेवावं, म्हणजे औषध आपल्याकडे येतं. बंद तंबूत मात्र ते मुळीच पेटवू नका.

यूएसबीवर तापणाऱ्या यंत्राचं गणित घरूनच करून निघा. १०,००० एमएएचच्या पॉवर बँकेत सुमारे ३७ वॉट-तास वीज असते. यंत्र ५ वॉटचं असेल तर गळती धरून जेमतेम सहा तास निघतात. रात्री नऊला लावलं तर पहाटे तीनला बंद! मलेरिया पसरवणारी ॲनॉफिलिस डासाची मादी तर तिन्हीसांजेपासून उजाडेपर्यंत चावते, आणि तिच्या कित्येक जातींचा जोर मध्यरात्रीनंतरच असतो. मला सगळ्यात काळजीची वाटते ती हीच गोष्ट, कारण तेव्हा आपण गाढ झोपेत असतो.

तंबूच्या कापडावर टॉर्च मारून पाहिलं तर हा डास ओळखता येतो. डोकं खाली, मागचा भाग वर, असा तिरका बसतो. इतर डास बहुधा कापडाला समांतर बसतात.

आवाजाने डास पळवणारी अल्ट्रासॉनिक यंत्रं घेऊच नका. त्यांनी डास चावायचे थांबत नाहीत, हे चाचण्यांत दिसून आलं आहे. डास पळवणाऱ्या मनगटी पट्ट्यांनीही अख्ख्या अंगाचं रक्षण होत नाही.

औषध लावलेली मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा आणि झोपताना अंग जाळीला टेकू देऊ नका. उघड्या अंगाला डीट किंवा पिकारिडिन ही डास पळवणारी औषधं असलेलं मलम लावा. सनस्क्रीन लावणार असाल तर आधी ते, मग मलम. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ मध्ये हवेत औषध सोडणाऱ्या साधनांची शिफारस केली, तीही घरात वापरण्यासाठी आणि मच्छरदाणीला जोड म्हणून. जिथे डॉक्टर प्रतिबंधक गोळ्या देतात, तिथे परतल्यावरही ठरलेल्या दिवसांपर्यंत त्या घ्या.

विमानात ब्युटेन चालत नाही, ना हातातल्या बॅगेत ना सामानात. नळकांडी उतरल्यावर घ्या. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच ठेवा. या यंत्रांमधली बहुतेक औषधं माशांना घातक असतात, त्यामुळे वापरलेल्या मॅट ओढ्यात टाकू नका.

परतल्यावर काही महिन्यांत कधीही ताप आला, तर त्याच दिवशी रक्त तपासा आणि कुठे जाऊन आलात ते डॉक्टरांना आधी सांगा. व्हायवॅक्स हा मलेरियाचा प्रकार तर यकृतात दबून राहतो आणि वर्षभरानंतरही डोकं वर काढू शकतो.