सही

सुपरव्हिजनच्या दिवशी माझ्या टेबलावर दोन गठ्ठे असायचे. एक बोलायच्या केसेसचा, दुसरा नुसत्या सहीसाठी आलेल्या नोंदींचा. दुसरा गठ्ठा मी ऐकता ऐकता संपवायचे. पान उलटायचं, वरवर नजर फिरवायची, सही, तारीख, पुढचं पान. थेरपीत पंधरा वर्षं आणि त्यातली आठ वर्षं शिकणाऱ्यांच्या कामावर देखरेख केल्यावर हात आपोआप चालतो.

त्या गुरुवारी चार वाजता माझी प्रशिक्षणार्थी आली, तेव्हाही तसंच चाललं होतं. (तिने आणि तिच्या क्लायंटने, दोघांनीही हे लिहायला मला लेखी परवानगी दिली आहे. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.) ती दुसऱ्या वर्षाला होती. हुशार, वाचन भरपूर, नोंदी टापटीप. अशा मुलीची काळजी वाटत नाही, आणि नेमकं तिथेच घोडं पेंड खातं.

ती एका जोडप्याच्या केसबद्दल सांगत होती. मी तिच्या दुसऱ्याच एका क्लायंटच्या नोंदीवर पेन टेकवलं आणि थांबले. पाचच ओळी होत्या. मनःस्थिती स्थिर. झोप सुधारली. बऱ्याच दिवसांनी हसले. घर आवरायला घेतले आहे. माशांची टाकी मित्राला दिली; जबाबदाऱ्यांचे ओझे कमी करण्याच्या दिशेने सकारात्मक पाऊल.

"या माशांवर त्यांचा जीव होता का गं?" मी मधेच विचारलं.

मी कुठून कुठे गेले ते तिला क्षणभर कळलं नाही. मग म्हणाली, "हो मॅडम. पहिल्या सेशनपासून त्यांचा विषय असायचा. एकेकाला नाव ठेवलंय त्यांनी."

पाच महिने नैराश्याने पार खचलेला माणूस. एकटा राहणारा. आणि आता एकाएकी शांत, घर आवरतोय, जिवापाड जपलेली गोष्ट देऊन टाकतोय. यातली एकेक गोष्ट सुटी घेतली तर त्यात काही नाही. माणसं बरी होतात, घर आवरतात. पण या सगळ्या एकाच आठवड्यात एकत्र आल्या की थेरपिस्टने थांबून विचारायचंच असतं. कधी कधी माणूस शांत होतो तो दुखणं हटलं म्हणून नाही, त्याचा निर्णय झालेला असतो म्हणून.

"जीव द्यायचा विचार येतो का, हे विचारलंस?"

"पहिल्या सेशनला विचारलं होतं. नाही म्हणाले होते."

"आणि परवा?"

ती काही बोलली नाही. मी म्हटलं, रेकॉर्डिंग लाव.

क्लायंटच्या संमतीने आमच्याकडे सेशन रेकॉर्ड होतात. ती ऐकायची जबाबदारी माझी. त्या क्लायंटचं शेवटचं रेकॉर्डिंग मी कधी ऐकलं होतं, ते मला आठवेना. तिने न शोधता थेट एकतिसावं मिनिट लावलं. तिथे काय आहे हे तिला पाठ होतं, एवढं मला त्यावरूनच समजलं. त्यांचा आवाज आला: "आता पाणी बदलायची चिंता नाही. सगळं मार्गी लागलंय." मग शांतता. काउंटरवर सात सेकंद सरकताना मी बघितले. मग तिचा आवाज: "छान. आणि ऑफिसचं काय म्हणता?"

तिने ते बंद केलं. "मला कळलं होतं मॅडम," ती म्हणाली. "पोटात गोळा आला होता. पण मी विचारलं असतं आणि ते हो म्हणाले असते, तर केस माझ्याकडून गेली असती. पुढच्या महिन्यात माझं मूल्यमापन आहे." थोडं थांबून म्हणाली, "ते तुम्हीच लिहिणार."

या वाक्याने मला जे झालं ते मला इथे नीट सांगायचंय, कारण सुपरव्हिजनची सगळी अडचण त्यात आहे. मी तिची शिक्षिका आहे, आधार आहे आणि परीक्षकही आहे. ज्या माणसाकडे चुका मोकळेपणी उघड करायच्या, त्याच माणसाच्या हातात गुण आहेत. १९९६ साली अमेरिकेत १०८ प्रशिक्षणार्थींचा एक अभ्यास झाला. त्यात सुमारे ९७ टक्के जणांनी आपण सुपरवायझरपासून काही ना काही लपवलं असल्याचं सांगितलं. हा आकडा मी स्वतः कार्यशाळांमध्ये सांगते. आणि माझ्यासमोर बसलेली ही मुलगी उरलेल्या तीन टक्क्यांतली असेल, असं मी मनाशी धरून चालले होते.

दुसरी एक गोष्टही डोक्यात आली. हॅरॉल्ड सर्ल्स या मनोविश्लेषकाने १९५५ मध्ये लिहून ठेवलंय की क्लायंट आणि थेरपिस्टमध्ये जे चाललेलं असतं, त्याचंच प्रतिबिंब थेरपिस्ट आणि सुपरवायझरच्या नात्यात पडतं. इथे ते अक्षरशः तसंच होतं. क्लायंट तिच्यापासून लपवत होते. ती माझ्यापासून लपवत होती. आणि तिला गेले तीन आठवडे एका तासाऐवजी पंचवीस मिनिटं मिळत होती, ही गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती. संस्थेचा वार्षिक अहवाल माझ्याकडे होता आणि चांगल्या विद्यार्थिनीचा वेळ कापणं सोपं असतं.

चार वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. सेशन मंगळवारचं, म्हणजे दोन दिवस आधीच गेलेले.

फोन कुणी करायचा हा पहिला प्रश्न. विश्वास तिच्यावर, जबाबदारी माझ्यावर. शिकणाऱ्या व्यक्तीला परवाना नसतो. ती काम करते ते सुपरवायझरच्या भरवशावर, आणि बऱ्याच देशांच्या कायद्यात तिच्या निष्काळजीपणाचा जाब सुपरवायझरला आणि संस्थेलाही द्यावा लागतो. त्याहून वेगळी, थेट माझी अशीही एक जबाबदारी असते. तिच्या कुवतीबाहेरची केस तिला देणं, नोंदी न वाचणं, धोक्याची खूण दिसण्याजोगी असूनही न बघणं, या चुका तिच्या नाहीतच. "मला माहीत नव्हतं" हे अशा वेळी बचाव म्हणून टिकत नाही, कारण माहीत करून घेणं हेच तर सुपरवायझरचं काम. हे सगळं मी शिकवलं होतं. त्या दिवशी मात्र मला आधीच्या चार नोंदींखाली माझी निळी सही दिसत होती.

फोन तिनेच केला. स्पीकर सुरू आहे आणि मी शेजारी आहे, हे तिने पहिल्याच वाक्यात त्यांना सांगितलं. मग मी कागदावर लिहिलेला प्रश्न तिने न अडखळता विचारला: "तुम्ही आत्महत्येचा विचार करताय का?" सरळ, त्याच शब्दात. विचारलं तर मनात नसलेला विचार शिरेल, ही भीती नवशिक्यांना असते. तसं होत नाही. गोल गोल विचारलं की माणसालाही गोल उत्तर द्यायची सोय होते, एवढंच.

पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. मग ते म्हणाले, "तुम्ही परवा विचाराल असं वाटलं होतं."

तासाभरात ते आले. तिने त्यांना फोनवर तोपर्यंत एकटं सोडलं नाही, त्यांची बहीण त्यांना घेऊन आली. बहिणीला कळवायला त्यांनी स्वतः होकार दिला. तो दिला नसता तरी जिवाला तातडीचा धोका असताना आम्ही कळवलं असतं, आणि गोपनीयतेला असलेला हा अपवाद त्यांना पहिल्याच सेशनला समजावून सांगितलेला असायला हवा होता. संमतीपत्रात तो होता. थेरपिस्ट शिकाऊ आहे, तिचं काम माझ्या देखरेखीखाली चालतं, हेही होतं. पण मी खोलीत जाऊन नाव सांगितलं तेव्हा ते माझ्याकडे बघत राहिले.

"म्हणजे इतके महिने तुम्ही माझं ऐकत होतात?"

कागदावर सही घेतली म्हणजे संमती घेतली, असं होत नाही हे त्या प्रश्नात होतं. आणि त्याला खरं उत्तर एकच होतं. "ऐकायला हवं होतं तेवढं ऐकलं नाही," मी म्हटलं. "ती चूक माझी आहे." प्रशिक्षणार्थी माझ्या शेजारी बसली होती. तिने मान खाली घातली नाही, हे मला नंतर पुष्कळ दिवस आठवत राहिलं.

पुढचे दोन तास आम्ही तिघांनी मिळून सुरक्षा योजना लिहिली. ही पद्धत बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन यांची. "मी जिवाचं बरंवाईट करणार नाही" असं वचन लिहून घेण्याची जुनी रीत होती. त्या वचनाने थेरपिस्टला धीर येतो, क्लायंटला रात्री दोन वाजता काय करायचं ते कळत नाही. योजनेत ते असतं: वाईट वेळ येतेय हे कशावरून ओळखायचं, एकटे असताना काय करायचं, कुठे आणि कुणात जाऊन बसायचं, मदत कुणाकडे मागायची, कुठल्या डॉक्टरला फोन लावायचा आणि घरातल्या धोक्याच्या वस्तू कुणी हलवायच्या. शेवटचं काम बहिणीने घेतलं. योजना त्यांच्या शब्दात, त्यांच्याच अक्षरात लिहिली. "कुठे जाऊन बसायचं" याला त्यांनी खूप वेळ घेतला. मग मित्राचं नाव लिहिलं, तोच टाकीवाला. त्याच संध्याकाळी मनोविकारतज्ज्ञांनी त्यांना तपासलं आणि काही दिवस ते बहिणीकडे राहायला गेले.

ते गेल्यावर आम्ही दोघी फाईल घेऊन बसलो. तिने मंगळवारची नोंद उघडली आणि हळूच विचारलं, "यात एक ओळ घालू का? आत्महत्येचा धोका तपासला, म्हणून?"

तिला मी दोष देत नाही. तिला मला वाचवायचं होतं, स्वतःइतकंच. आणि खरं सांगते, तेवढा एक क्षण मलाही ती ओळ हवीशी वाटली.

तिला मी तारासॉफ खटल्याबद्दल सांगितलं. १९६९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रात एका रुग्णाने एका तरुणीला मारण्याचा इरादा मानसशास्त्रज्ञाला बोलून दाखवला होता. मानसशास्त्रज्ञाने विद्यापीठाच्या पोलिसांना पत्र लिहिलं. पोलिसांनी रुग्णाला थोडा वेळ ताब्यात घेऊन सोडून दिलं. मग त्या विभागाच्या प्रमुखाने ते पत्र परत मागवलं, त्याच्या प्रती आणि थेरपीच्या नोंदी नष्ट करायला सांगितल्या, आणि रुग्णाला अडकवून ठेवण्यासाठी आणखी काही करू नये असा आदेश दिला. त्या ऑक्टोबरमध्ये त्या तरुणीचा खून झाला. तिला किंवा तिच्या आईवडिलांना कुणीच सावध केलं नव्हतं. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ज्याला धोका आहे त्या व्यक्तीच्या रक्षणासाठी वाजवी काळजी घेणं हे थेरपिस्टचं कर्तव्य आहे. तो निकाल दुसऱ्याच्या जिवाला असलेल्या धोक्याबद्दलचा, आमची केस वेगळी. पण वर्गात सगळे त्या निकालाबद्दल बोलतात. मला कायम त्या आदेशाचाच विचार येतो. धोका ज्याला दिसला होता त्याच्या वरच्या खुर्चीतून कागद नाहीसे करायचा हुकूम आला. ती खुर्ची आता माझी होती.

मंगळवारची नोंद आम्ही तशीच ठेवली, सकारात्मक पाऊल वगैरे सगळं. खाली गुरुवारची तारीख आणि वेळ टाकून नवी नोंद लिहिली: काय लक्षात आलं, कधी, कुणाच्या, मग काय केलं. सुपरव्हिजनच्या वहीत मी माझी वेगळी नोंद केली. त्यात तीन आठवडे वेळ कापल्याचं आणि न वाचता सह्या केल्याचं लिहिलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते संस्थेच्या प्रमुखांना वाचून दाखवलं. त्यांना ते आवडलं नाही. अशा गोष्टी लिहून ठेवायची गरज आहे का, असं त्यांनी दोनदा विचारलं. मी दोन्ही वेळा हो म्हटलं.

तिचं मूल्यमापन मी एकटीने लिहायचं नाही असं ठरवलं. माझी स्वतःची चूक ज्या केसमध्ये गुंतली आहे, तिथे मी तिच्याबद्दल कडक झाले तरी आणि मऊ झाले तरी त्यात माझा स्वार्थ येणारच. म्हणून दुसऱ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना सोबत घेतलं, त्यांनी तिची रेकॉर्डिंग स्वतंत्रपणे ऐकली. तिला धोक्याच्या मूल्यांकनाचं काम पुन्हा पहिल्यापासून, माझ्या समोर बसून करावं लागलं. काही महिने जास्त लागले. पुढे एखादी प्रशिक्षणार्थी खरोखरच क्लायंटसाठी धोक्याची आहे असं वाटलं तर तिला थांबवणंही माझंच काम असेल, आणि ते मी टाळणार नाही. पण जिने न शोधता एकतिसावं मिनिट लावलं, तिच्याबाबत मला तशी शंका आली नाही.

आता दुसरा गठ्ठा नसतो. दर आठवड्याला तिच्या प्रत्येक क्लायंटबद्दल निदान दोन मिनिटं बोलणं होतं, ज्यांचं बरं चाललंय त्यांच्याबद्दल आधी. एक रेकॉर्डिंग मी निवडते, एक ती.

सहा आठवड्यांनी मी त्यांचं सेशन निवडलं. मधेच त्यांनी तिला विचारलं, "हे मॅडम ऐकणार आहेत का?"

"हो, गुरुवारी."

"मग त्यांना सांगा," ते म्हणाले, "त्यातले दोन मासे मेले. बाकीचे मित्राकडेच राहू देत, त्याच्या मुलीला लळा लागलाय. पाणी बदलायला मात्र मी जातो, रविवारी."

मी ते थांबवून पुन्हा एकदा ऐकलं, मग नोंद वाचली आणि सही केली.